मद्यपीचा उपाशी मेंदू

वर्षानुवर्षे बेसुमार दारू पिण्याने यकृत निकामी होते, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र त्याच दारूने मेंदूचे नेमके काय होते, याविषयीची समजूत ‘नसा कमजोर होतात’ आणि ‘डोक्यावर परिणाम होतो’ अशा दोन मोघम वाक्यांच्या पुढे फारशी गेलेली नाही. हा मोघमपणा अनेकदा रुग्णाच्या जिवावर बेततो, कारण मद्यपीच्या मेंदूला होणाऱ्या इजांपैकी सर्वांत भयंकर इजा एका साध्या आणि स्वस्त जीवनसत्त्वाच्या अभावाने होते, ती पाहता पाहता काही दिवसांत घडून जाते, वेळीच ओळखल्यास बहुतांशी टाळता येते आणि नेमकी तीच ‘पिऊन आला आहे, उतरली की जाईल घरी’ या शेऱ्याखाली झाकली जाते.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात, त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांचे पिणे हानिकारक किंवा व्यसनाच्या पातळीला पोहोचलेले आहे, आणि ज्यांना सरळसरळ व्यसनाधीन म्हणावे अशांची संख्या २ कोटी ९० लाखांच्या घरात जाते.

मद्यार्काचा रेणू आकाराने लहान असून तो पाण्यात सहज मिसळतो आणि पेशींची स्निग्ध आवरणेही ओलांडतो, त्यामुळे रक्तातील इतर अनेक पदार्थांना मेंदूच्या उंबरठ्यावर अडवणारी संरक्षक यंत्रणा त्याला रोखू शकत नाही. मेंदूतील चेतापेशी रसायनांमार्फत एकमेकींना निरोप पोहोचवतात. त्यांतील ‘गाबा’ हे रसायन पेशींना शांत करते, तर ‘ग्लुटामेट’ त्यांना उत्तेजित करते. मद्यार्क गाबाचा परिणाम वाढवतो आणि ग्लुटामेटचा दाबून टाकतो, म्हणूनच पिणाऱ्याला सैल आणि निवांत वाटते. रोजच्या पिण्याने मात्र मेंदू या दडपणाशी जुळवून घेतो, गाबाला दाद देणे कमी करतो आणि ग्लुटामेटला प्रतिसाद देणारी यंत्रणा वाढवतो, ज्यामुळे दारूची मात्रा वाढवल्याशिवाय झिंग येत नाही आणि दारू एकाएकी तुटली तर आवरायला कोणी नसलेली उत्तेजना उसळून वर येते. सकाळी हातांना सुटणारा कंप, घाम, धडधड आणि तो कंप थांबवण्यासाठी घेतला जाणारा ‘उतारा’ हे या जुळवून घेण्याचे रोजचे दृश्य रूप होय. दारू थांबल्यापासून साधारण ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी काही रुग्णांना ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ ही अवस्था गाठते, जिच्यात ताप, थरकाप, बेभानपणा आणि भिंतीवर किडे चालताना दिसण्यासारखे भास होतात. थॉमस सटन या इंग्रज वैद्याने १८१३ साली तिला हे नाव दिले आणि उपचार न मिळाल्यास ती आजही प्राणघातक ठरते. घरच्यांनी शपथ घालून किंवा खोलीत कोंडून एका रात्रीत दारू बंद करणे, हा म्हणूनच निष्ठेचा नव्हे तर धोक्याचा मार्ग आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याची दारू वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावी लागते.

सावकाश होणारी झीज याहून वेगळी. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या मेंदूच्या प्रतिमांमध्ये अग्रखंड, म्हणजे कपाळामागचा निर्णय, संयम आणि नियोजन सांभाळणारा भाग, आक्रसलेला दिसतो; चेतापेशींच्या तंतूंनी बनलेले आणि मेंदूच्या विविध भागांना जोडणारे श्वेतद्रव्यही घटलेले असते. लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्यातील पेशी नष्ट झाल्या की माणूस पाय फाकवून, अडखळत चालू लागतो, आणि हे चालणे त्याने आठवडाभर थेंबही घेतलेला नसला तरी तसेच राहते. ‘एवढे नुकसान होऊनही याला सोडावीशी का वाटत नाही’ हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न रास्त असला, तरी त्याच्या उत्तराचा एक भाग असा आहे की परिणामांचा विचार करून हात आवरायचे काम ज्या भागाकडे असते, तोच भाग दारूने आधी पोखरला जातो. फ्रान्समधील रुग्णालयीन नोंदींवर आधारलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ६५ वर्षांच्या आत स्मृतिभ्रंश जडलेल्या ५७ हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त रुग्णांच्या नोंदीत मद्यपानाशी निगडित निदान आढळले. अकाली स्मृतिभ्रंशामागे आनुवंशिकतेचाच शोध घेणाऱ्या कुटुंबांना आणि डॉक्टरांनाही हा आकडा विचारात पाडणारा आहे.

या सर्व इजांहून वेगळी, तीव्र आणि लेखाच्या आरंभी सूचित केलेली इजा मात्र उपासमारीची आहे. कार्ल वेर्निक या जर्मन तंत्रिकातज्ज्ञाने १८८१ साली आपल्या ग्रंथात तीन रुग्णांचे वर्णन केले: डोळ्यांच्या हालचाली लुळ्या पडलेल्या, चालताना तोल जाणारा, भान हरपलेले, तिघेही थोड्याच दिवसांत दगावले आणि शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूच्या खोल भागात बारीक रक्तस्राव आढळले. त्यांपैकी दोघे पुरुष अट्टल मद्यपी होते, पण तिसरी रुग्ण शिवणकाम करणारी एक तरुणी होती. तिने गंधकाम्ल प्राशन केल्यामुळे जठराचा मार्ग आकुंचित होऊन तिला सतत उलट्या होत होत्या आणि दारूशी या आजारपणाचा काही संबंध नव्हता. म्हणजे कोड्याचे उत्तर पहिल्याच वर्णनात दडलेले होते, तरी ते वाचायला वैद्यकशास्त्राला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. वेर्निकच्या वर्णनानंतर सहाच वर्षांनी, १८८७ पासून, मॉस्कोच्या सेर्गेई कोर्साकोफ यांनी हातापायांच्या नसांच्या विकाराबरोबर येणाऱ्या एका विलक्षण विस्मृतीचे वर्णन सुरू केले, आणि त्यांचेही सगळे रुग्ण दारू पिणारे नव्हते. हे दोन आजार एकाच विकाराचे दोन टप्पे आहेत, पहिला तीव्र आणि दुसरा चिवट, हे पुढे स्पष्ट झाले आणि आज दोघांची नावे जोडूनच त्याला ‘वेर्निक-कोर्साकोफ विकार’ म्हणतात.

धागा जुळला तो आशियातील भाताच्या ताटात. डच वसाहतीच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, क्रिस्तियान आइकमन यांनी १८९०च्या दशकात पाहिले की पांढऱ्या सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिल्यावर त्या बऱ्या होतात. माणसांतील ‘बेरीबेरी’ या आजाराशी त्याचे असलेले साम्य त्यांच्या ध्यानात आले आणि या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कोंड्यातला तो पदार्थ १९२६ साली यान्सेन आणि डोनाट यांनी स्फटिकरूपात वेगळा केला आणि १९३६ साली रॉबर्ट विल्यम्स यांनी तो प्रयोगशाळेत तयार केला. हेच थायमिन, अर्थात ब-१ जीवनसत्त्व. मलायातही विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश डॉक्टरांना असे आढळले होते की कच्च्या सडीक तांदळाचा भात खाणाऱ्यांना बेरीबेरी होतो आणि उकडा तांदूळ खाणारे भारतीय मजूर मात्र त्यातून सुटतात. भात कोंड्यासकट उकडताना बाहेरच्या थरातील ब-१ दाण्याच्या आत झिरपते व नंतर सडले तरी बरेचसे टिकून राहते. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या पिढ्यांना हे संरक्षण आपसूक मिळत आले आहे.

वेर्निकचा आजार हा मेंदूचा बेरीबेरी आहे याचा पुरावा अखेर युद्धकैद्यांच्या छावणीतून आला. १९४२ साली सिंगापूर जपानच्या हाती पडल्यावर चांगी येथे डांबलेल्या सैनिकांना मुख्यतः सडीक तांदळावर दिवस काढावे लागले आणि अवघ्या काही आठवड्यांत त्यांच्यात डोळे थरथरण्याचे, उलट्यांचे, गोंधळल्यासारखे वागण्याचे रुग्ण दिसू लागले. तेथे कैदेत असलेल्या डी वार्डनर आणि लेनक्स या डॉक्टरांनी नोंदवलेल्या ५२ रुग्णांचे वर्णन १९४७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. छावणीत दारू मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जवळचे तुटपुंजे थायमिन टोचल्यावर अनेकांच्या डोळ्यांच्या तक्रारी निवळल्या, यावरून दोष कशाचा हे निर्विवाद ठरले.

मद्यपीच्या शरीरात ही उपासमार चारही बाजूंनी होते. पहिली बाजू अन्नाची. दारूच्या दुकानात ‘क्वार्टर’ म्हणून मिळणाऱ्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत ४२.८ टक्के मद्यार्क धरला तर तो सुमारे ६० ग्रॅम भरतो आणि ग्रॅममागे ७ या हिशेबाने त्यातून ४२५च्या आसपास उष्मांक मिळतात, म्हणजे साधारण चार पोळ्यांइतके. भूक मरते, पण त्या उष्मांकांसोबत ब-१चा कणही येत नाही. सोबत घेतल्या जाणाऱ्या चकण्यातील शेंगदाण्यांत मुळात हे जीवनसत्त्व चांगले असते, परंतु भाजताना त्याचा बराच भाग नष्ट होतो आणि उरलेल्यावर दुसरा घाला पडतो, कारण मद्यार्क आतड्यातून होणारे ब-१चे शोषणच रोखतो. तिसरीकडे, बिघडलेले यकृत त्याचा साठा करू शकत नाही; आणि चौथी गोष्ट म्हणजे थायमिनला कार्यक्षम रूप देण्यासाठी व वापरण्यासाठी लागणारे मॅग्नेशियम मद्यपीच्या शरीरातून लघवीवाटे निघून जाते. निरोगी माणसाच्या शरीरातही ब-१चा साठा २५ ते ३० मिलिग्रॅमच असतो आणि रोजची गरज १ मिलिग्रॅमच्या वर असल्यामुळे तो दोन-तीन आठवड्यांत संपतो. पिण्याच्या लागोपाठच्या दिवसांत जेवण सुटलेल्या माणसाला तेवढा अवधीही लागत नाही.

ब-१ संपल्यावर मेंदूच का कोसळतो, याचे कारण त्याच्या खर्चात आहे. शरीराच्या वजनात अवघा २ टक्के वाटा असलेला मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो आणि ती बहुतांशी ग्लुकोजमधून घेतो. ग्लुकोज जाळणाऱ्या रासायनिक साखळीतील कळीची विकरे, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारी प्रथिने, थायमिनविना बंद पडतात. चूल, लाकडे आणि वारा सगळे असून काडेपेटीच नसावी, तशी ही अवस्था होते. पहिला फटका बसतो तो मेंदूच्या मध्यभागातील अत्यंत क्रियाशील केंद्रांना: संवेदना आणि स्मृती यांची वाटणी करणारा थॅलॅमस, डोळ्यांची हालचाल सांभाळणारी केंद्रे आणि तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या दोन ‘मॅमिलरी’ पिंडिका. नवी घटना कायमच्या स्मृतीत नेणारे मंडल या पिंडिकांमधून जात असल्यामुळे त्या सुकल्या की स्मृतीचा दरवाजा बंद होतो.

पाठ्यपुस्तकांत या आजाराची तीन लक्षणे सांगितलेली असतात: नजर थरथरणे किंवा डोळा बाहेरच्या बाजूला न वळणे, चालताना तोल जाणे आणि मनाचा गोंधळ. अडचण अशी की तिन्ही एकत्र क्वचितच आढळतात. ऑस्ट्रेलियात क्लाइव्ह हार्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनात हा आजार सिद्ध झालेल्या १३१ रुग्णांचे कागद १९८६ साली तपासले, तेव्हा तिन्ही लक्षणे फक्त १६ टक्के रुग्णांत नोंदलेली होती आणि जिवंतपणी निदान झालेले रुग्ण जेमतेम पाचांतून एक होते. म्हणूनच १९९७ साली सुचवलेल्या कसोटीनुसार निकृष्ट आहार, डोळ्यांची लक्षणे, तोल जाणे आणि मनाचा गोंधळ किंवा विस्मृती या चारांपैकी कोणतीही दोन आढळली तरी मद्यपी रुग्णात हा आजार गृहीत धरून उपचार सुरू करावेत, असे मानले जाते. दारू प्यायलेल्या माणसाचा गोंधळ आणि झोकांड्या काही तासांत ओसरतात. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्या तशाच राहिल्या तर त्यांना नशा म्हणणे हा हलगर्जीपणा आहे. याच जातीची आणखी एक चूक तितकीच महाग पडते: आक्रसलेल्या मेंदूभोवतीच्या शिरा ताणलेल्या असल्यामुळे किरकोळ पडण्यानेही कवटीच्या आत रक्त साचू शकते, आणि डोक्याला मार लागलेल्या मद्यपीची सुस्ती झोप समजून रात्रभर तशीच सोडली जाते.

उपचारांतही एक नेहमीचा सापळा आहे. अशक्त दिसणाऱ्या रुग्णाला ‘एखादी बाटली चढवा’ असा आग्रह नातेवाईक धरतात, आणि ती बाटली ग्लुकोजची असेल तर उरलेसुरले थायमिन ते ग्लुकोज जाळण्यात खर्ची पडून दबा धरून बसलेला आजार उसळू शकतो. रक्तातील साखर धोकादायक पातळीवर उतरली असेल तर ग्लुकोज थांबवून चालत नाही, हे खरे. पण अशा वेळी ब-१चे इंजेक्शन त्याच्याबरोबर किंवा त्याआधी दिले पाहिजे. ब-कॉम्प्लेक्सची गोळी येथे अपुरी पडते, कारण एका वेळी तोंडावाटे घेतलेल्या मोठ्या मात्रेतूनही निरोगी आतडे चार-पाच मिलिग्रॅमच शोषून घेऊ शकते आणि मद्यपीचे आतडे त्याहून कमी, म्हणून शिरेवाटे मोठी मात्रा द्यावी लागते. डोळ्यांची लक्षणे कित्येकदा काही तासांत सुधारतात, चाल सुधारायला आठवडे लागतात, आणि स्मृती मात्र उशीर झाला असेल तर परत येईलच असे नसते.

जे या टप्प्याच्या पलीकडे जातात, त्यांच्या वाट्याला येते कोर्साकोफची विस्मृती, आणि ती सर्वसामान्य स्मृतिभ्रंशापेक्षा निराळी असते. अशा रुग्णाशी गप्पा मारताना त्याची भाषा, बुद्धी, विनोदबुद्धी शाबूत असल्याचे जाणवते. लग्नाचे, नोकरीच्या पहिल्या दिवसाचे तपशील तो सांगतो. पण पाच मिनिटांपूर्वी कोण भेटून गेले, जेवण झाले की नाही, हे त्याला सांगता येत नाही. ही पोकळी तो न कळत रचलेल्या गोष्टींनी भरून काढतो: आठवडाभर पलंगावर असलेला माणूस ‘सकाळीच बाजारात जाऊन आलो’ असे बिनदिक्कत सांगतो. नातेवाइकांना तो खोटारडेपणा वाटतो आणि दारुड्याच्या थापा म्हणून ते त्याच्यावर चिडतात, परंतु फसवण्याचा हेतू त्यात मुळीच नसतो, कारण त्या क्षणी त्याला ती आठवण खरीच वाटत असते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ एद्वार क्लापारेद यांनी १९११ साली नोंदवलेला प्रयोग या विस्मृतीच्या तळाशी काय उरते हे दाखवतो. आपल्या एका रुग्ण स्त्रीशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिला टोचले. थोड्या वेळाने तिला त्याची काहीच आठवण राहिली नव्हती, तरीही त्यांनी पुन्हा हात पुढे करताच तिने आपला हात मागे घेतला, आणि कारण विचारल्यावर लोकांच्या हातांत कधी टाचण्या लपवलेल्या असतात, असे काहीसे उत्तर दिले. घटना पुसली गेली होती. धडा मात्र मेंदूच्या दुसऱ्या एखाद्या कोपऱ्यात शिल्लक होता. अशा रुग्णांच्या पुनर्वसनात याच शिल्लक क्षमतेचा उपयोग करतात: ठरलेली खोली, ठरलेली वेळ, तीच कृती रोज त्याच क्रमाने, यांतून ते नव्या सवयी शिकू शकतात. साधारणपणे एक चतुर्थांश रुग्ण बऱ्यापैकी सावरतात, सुमारे निम्म्यांत थोडीफार सुधारणा होते आणि उरलेल्यांना कायम कोणाच्या तरी आधाराने राहावे लागते.

श्वेतद्रव्याची आणि अग्रखंडाची गोष्ट तुलनेने आशादायक आहे. जर्मनीच्या व्युर्त्सबुर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा-सात आठवडे दारूपासून दूर राहिलेल्यांच्या मेंदूचे आकारमान सरासरी २ टक्क्यांच्या आसपास वाढलेले दिसले. अभ्यास अवघ्या १५ रुग्णांचा असला तरी इतर प्रतिमा-अभ्यासांचा सूर त्याच्याशी जुळणारा आहे. व्यसनमुक्तीच्या कामासाठी यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत उपचार काही आठवडे चालतात, हे अनेक कुटुंबांना वेळखाऊ वाटते, पण पहिल्या आठवड्यात रुग्णाच्या मेंदूत समुपदेशनातील वाक्ये धरून ठेवण्याइतकी ताकदच नसते. समजावून सांगितलेले त्याला पटते आणि दुसऱ्या दिवशी आठवत नाही. शरीरातील दारू उतरणे आणि मेंदू शिकण्याजोगा होणे, या दोहोंमध्ये काही आठवड्यांचे अंतर असते.

‘आमचा माणूस चांगलीच घेतो, हातभट्टी नाही’ या समाधानात येथे काही तथ्य नाही. २०१५ साली मुंबईतील मालवणीत शंभराहून अधिक बळी घेणारी विषारी दारू ही मिथेनॉल या वेगळ्या विषाची गोष्ट होती. ब-१ची उपासमार मात्र महागड्या स्कॉचनेही तितकीच होते, फक्त पैसेवाल्याच्या घरी जेवणाचे ताट बहुधा समोर येते, एवढाच फरक.

उपाय सामाजिक पातळीवर करता येतो का, हेही आजमावले गेले आहे. दारूतच थायमिन मिसळावे, असा प्रस्ताव अमेरिकेत १९७८ साली खर्च आणि फायद्याच्या हिशेबासह मांडला गेला होता; मात्र ‘जीवनसत्त्वयुक्त’ असे बाटलीवर छापण्याची संधी मद्य कंपन्यांना आयती मिळेल, ही भीती वाजवी होती. ऑस्ट्रेलियाने दुसरा मार्ग धरला आणि १९९१ पासून पावाच्या पिठात थायमिन घालणे बंधनकारक केले. त्यानंतरच्या शवविच्छेदनांमध्ये या आजाराचे प्रमाण पूर्वीच्या सुमारे २ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास उतरलेले आढळले. भारतात पोषणमूल्ये वाढवलेल्या तांदूळ आणि गव्हाच्या पिठासाठी ठरवलेल्या नियमांत लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ ही तीन आवश्यक आहेत, आणि ब-१ ऐच्छिक घटकांच्या यादीत आहे. कोंड्यासकट दळलेल्या कणकेत आणि ज्वारी-बाजरीच्या भाकरीत ते मुळातच असल्यामुळे महाराष्ट्राला त्याची निकड पांढऱ्या पावावर जगणाऱ्या देशाइतकी भासत नाही, आणि तरीही ती भाकरी रात्री अकरा वाजता झाकलेल्या ताटात तशीच राहत असेल, तर तिच्यातील ब-१ ज्याला हवे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात थायमिनचे इंजेक्शन असणे आणि ते कोणाला द्यायचे हे तेथील डॉक्टरला ठाऊक असणे, हाच जवळचा उपाय उरतो.